आधी लग्न, मग बारसं

सांगलीच्या कॉलेजातली ती तोंडी परीक्षा आठवली की निवृत्त शरयूबाई घैसास आजही हरखतात. तेव्हा विद्यार्थिनी असलेल्या त्यांनी फळ्यावर ए आणि बी या दोन मॅट्रिक्सच्या, म्हणजे आकड्यांच्या चौकटींच्या, बेरजेचा वर्ग मांडला: ए-वर्ग, एबी, बीए, बी-वर्ग.

बाहेरून आलेले परीक्षक दामले गरजले, "एबी, बीए वेगळे कशाला? शाळकरी पोरंसुद्धा दोन एबी लिहितात! नापास करू?"

शरयू म्हणाली, "सर, इथं गुणाकाराचा क्रम बदलला की उत्तर बदलतं. आधी लग्न, मग बारसं केलं तर लोक पेढे खातात. उलट केलं तर?"

दामले डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "आता घन मांडा," म्हणत त्यांनी स्वतः फळा पुसून दिला.

तिने क्रम सांभाळत घनाची आठही पदं वेगवेगळी मांडली. तसा परीक्षक पुन्हा भेटला नाही, असं बाई म्हणतात.