हातांखालून गेलेला चेंडू

फार जुनी गोष्ट. तेव्हा राजे हत्तीवरून फिरायचे आणि गावं आपली भांडणं चेंडू खेळून मिटवायची.

एका नदीच्या दोन तीरांवर दोन गावं होती आणि मधल्या बेटावर एक हिरवंगार कुरण. दरवर्षी दोन्ही गावांचे अकरा-अकरा गडी पायाने चेंडू खेळत. मैदानाच्या दोन्ही टोकांना दोन-दोन खांब रोवलेले असत, त्याला म्हणायचं दार. समोरच्या दारात जो जास्त चेंडू घालील, वर्षभर कुरण त्याच्या गुरांचं. बरोबरी झाली तर कुरण दोघांनाही बंद.

अलीकडच्या गावाचं दार एक उंच, अबोल माणूस सांभाळायचा. त्याला सगळे राखणदार म्हणत. चेंडूला हात लावायची मुभा तेवढी त्याला. अठरा वर्षं त्याने अंग झोकून चेंडू अडवले. बोटं वाकडी झाली, एक बरगडी मोडली, पण कुरण गावाकडेच राहिलं. त्याचं कौतुक म्हणाल, तर नाव नको! गुलाल उधळायचा तो चेंडू मारणाऱ्यांवर. दार राखणं हे तर याचं कामच, त्यात काय मोठं?

एकोणिसाव्या वर्षी, खेळ संपता संपता, सरपटत आलेला एक साधा चेंडू त्याच्या हातांखालून निसटला. बस्स.

कुरण एका वर्षापुरतं गेलं. पुढच्या वर्षी त्यानेच जिवाचं रान करून ते परत आणलं. पण गावाची जीभ काही थांबली नाही. दूध उतू गेलं की सासू सुनेला म्हणे, "झाला का राखणदार?" विहिरीत कळशी निसटली की, "झाला राखणदार!" तो पाणवठ्यावरून जाऊ लागला की बायका पदरात तोंड लपवून हसत. एकदा त्याच्या बायकोच्या हातून ताट पडलं आणि सवयीने तीही तेच बोलून गेली. मग दिवसभर तिला त्याच्याकडे बघवलं नाही.

पुढे गुडघे दुखू लागले, तेव्हा त्याने खेळणं सोडलं. गावात दुसरा जाणता माणूस नव्हता, म्हणून पाटलाने वस्तादाचा फेटा त्याच्याच डोक्यावर बांधला.

वस्ताद झाल्यावर त्याने एकच गोष्ट शिकवली. आपल्या दारात चेंडू येता कामा नये. पुढे धावणाऱ्या गड्यांनाही त्याने मागे आणून उभं केलं. चेंडू आत येईना हे खरं, पण समोरच्या दाराकडे जायला कोणी उरलाच नाही. पहिल्या वर्षी बरोबरी. दुसऱ्या वर्षीही बरोबरी. गुरांची हाडं दिसू लागली. वस्ताद मात्र सुखात होता, कारण दोन वर्षांत त्याला कोणी हसलं नव्हतं.

तिसऱ्या वर्षी राजाने दवंडी पिटवली, की यंदाही बरोबरी झाली तर कुरण आमच्या घोड्यांना. आणि तो स्वतः खेळ बघायला येऊन बसला.

खेळ संपत आला होता. पलीकडचा राखणदार चेंडूमागे पुढे धावून आला आणि पाय घसरून आडवा झाला. चेंडू अलीकडच्या गावातल्या एका चपळ मेंढपाळाच्या पायाशी आला. त्याने कडेला उभ्या वस्तादाकडे पाहिलं.

"वस्ताद, दार मोकळं आहे! जाऊ का?"

वस्तादाला ते दिसत होतंच. 'जा' म्हणायला त्याचे ओठ उघडलेही. पण मध्येच कोणी चेंडू हिसकावला तर? मेंढपाळाची जागा मागे रिकामी राहील. तिथूनच चेंडू आत येईल, आणि उद्या पुन्हा तो पाणवठा, पुन्हा ते हसणं.

"मागे ये!" तो ओरडला. "जागा सोडू नकोस!"

मेंढपाळ मागे आला. पलीकडचा राखणदार उठला, धोतर झटकून आपल्या खांबांमध्ये जाऊन उभा राहिला. ढोल वाजला. बरोबरी.

राजा हसून म्हणाला, "कुरण यांना नकोच आहे." दुसऱ्या दिवशी तिथे घोडे चरू लागले.

पाटील गाव घेऊन वस्तादाच्या अंगणात आला. "अरे, गुरं मारलीस आमची! एकदा 'जा' म्हणाला असतास, तर जीभ झडली असती का तुझी?"

वस्तादाने फेटा उतरवून पाटलाच्या पुढ्यात ठेवला. "पाटील, अठरा वर्षांत मी अडवलेला एक तरी चेंडू आठवतो का तुम्हाला?"

पाटलाने आठवून पाहिलं. मागच्या लोकांनीही पाहिलं. कोणालाच आठवेना. निसटलेला मात्र सगळ्यांना तोंडपाठ होता.

"मग कोणाच्या भरवशावर मी 'जा' म्हणायचं होतं?"

त्याच आठवड्यात गावाने गुरं बाजाराला काढली. वस्तादानेही आपल्या तांबड्या गाईचं दावं व्यापाऱ्याच्या हाती दिलं. ती जागची हलेना, तेव्हा त्यानेच तिला मागून ढकललं.

लहानथोरहो, एवढं मनात ठेवा: जे गाव एकाची एक चूक जन्मभर उगाळतं, त्या गावात पुढे पाऊल टाकणारा माणूस उरत नाही.