निवांत महाराजांची मुकी बैठक

मोगलाईच्या काळात पूर्णा नदीच्या काठी करंजगाव नावाचं पेठेचं गाव होतं. गावाच्या पश्चिमेला चिंचेच्या बनात निवांत महाराजांचा मठ होता. महाराज कुठले, कोणत्या जातीचे, त्यांचे गुरू कोण, हे गावाला कधीच कळलं नाही. कोणी विचारलं तर महाराज म्हणत, "आलो आहे खरा," आणि हसत. विचारणाराच खजील होऊन परत जाई.

त्यांच्या मठात ना गंडा होता, ना दक्षिणा, ना पाय धुतलेलं पाणी. दर गुरुवारी दुपारी मुकी बैठक भरायची. यायचं, बसायचं, डोळे मिटायचे. कोणाला आतून काही आलंच, तर त्यानं उठून दोन शब्द बोलावेत आणि पुन्हा खाली बसावं. एवढाच महाराजांचा संप्रदाय!

आता लोक म्हणजे लोक. देवापुढं बसले तरी लोकच राहतात. आनंदराव पाटलांनी डोळे मिटले की घोरणं सुरू होई. दोघी जावा शेजारी बसून पदराआडून एकमेकींना चिमटे काढत. एका गुरुवारी कोंडिबा सोनार ताडकन उठला आणि म्हणाला, "आतून आलं म्हणून बोलतो. मागल्या गुरुवारी माझी नवी वहाण कोण घेऊन गेलं?" बायकांनी तोंडात पदर कोंबले. बैठक संपल्यावर महाराज म्हणाले, "कोंडिबाच्या आत वहाणच आहे, तर तो तरी काय करणार!"

या साऱ्या मंडळींना सांभाळण्याचं काम त्र्यंबकबुवांकडं होतं. बुवा म्हणजे परिसरातले नामांकित कीर्तनकार. त्यांनी वेशीत उभं राहून 'विठ्ठल' म्हटलं, तर नदीपलीकडची गुरं माना वर करत. पूर्वी राममंदिरात त्यांची कीर्तनं होत. पुढं महाराजांवर श्रद्धा जडली, तेव्हा महाराजांनी मठाची व्यवस्था त्यांच्या हाती दिली. कोणी कुठं बसायचं, भांडणं कशी मिटवायची, सप्ता कसा पार पाडायचा, सगळं बुवा बघत. सप्त्यात मात्र कीर्तन होई. महाराज म्हणत, "बुवांना देवानं गळा दिलाय. आठवडाभर तरी वाजू द्या."

बुवा वाईट माणूस नव्हते. कोणाच्या घरी मर्तिक झालं तर खांदा द्यायला पहिले तेच. पण मुकी बैठक त्यांना जमत नव्हती. डोळे मिटले की कोण आलं, कोण नाही, पाटलाला कोपरखळी मारावी का, पुढच्या सप्त्यात कोणता दृष्टान्त घ्यावा, हेच सुरू व्हायचं. आणि त्या सगळ्याच्या तळाशी एक भीती बसलेली असे. इतकी वर्षं देव देव करून आपल्या आत काहीच नाही, ही ती भीती. ती त्यांनी बायकोलासुद्धा सांगितली नव्हती. भीती वर यायला लागली की बुवा एक डोळा उघडत, आणि त्या उघड्या डोळ्याला नेमकी राही दिसे.

राही कासारीण. आठवडाभर खांद्यावर बांगड्यांच्या माळा टाकून ती गावोगाव फिरे. "बांगड्या भरा बायांनोऽऽ" ही तिची आरोळी, आणि जीभ अशी की भाव पाडणारी पाटलीणही हात जोडे. पण गुरुवारी मठात खांबाला टेकून बसली की मूर्तीच. चेहरा असा, जसं दमलेलं लेकरू आईच्या कुशीत शिरावं. इतक्या वर्षांत ती बैठकीत एकदाही बोलली नव्हती. आणि बैठक संपली की महाराज खडीसाखरेचा पहिला खडा तिच्याच हातावर ठेवत.

बुवांना दुसरा खडा मिळे. तो त्यांना कडू लागे.

माणूस शेजाऱ्याच्या शेताचा हेवा करतो, तेव्हा निदान त्याला हेवा तरी म्हणतात. देवाच्या दारातला हेवा त्याहून ओंगळ, कारण त्याला गंध लावून भक्ती म्हणून मिरवता येतं. बुवाही मिरवू लागले. "बैठकीला शिस्त हवी," "बायकांनी मागं बसावं," "महाराजांच्या भोळेपणाचा फायदा घेतात लोक," असं बोलू लागले. कीर्तनात मागं उभे राहणारे टाळकरी माना डोलवत. असे माना डोलवणारे नसते, तर निम्मे बुवा शहाणे झाले असते!

घरीही जळफळाट. एकदा ताटावर बसल्या बसल्या ते बायकोवर उखडले, "मठात त्या कासारणीजवळ बसून डोळे मिटतेस. माझ्या कीर्तनात मात्र जांभया!"

द्वारकाकाकू शांतपणे आमटी वाढत म्हणाल्या, "अहो, कीर्तनात तुम्ही मला पतिव्रता कशी असावी ते सांगता. ती बाई काहीच सांगत नाही. तेवढीच विश्रांती."

बुवा ताटावरून उठले.

त्या वर्षी सप्त्याला कधी नव्हे एवढी गर्दी लोटली. शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन होतं. मांडवात मुंगीला शिरायला जागा नव्हती. बुवा अंगरखा, उपरणं, पागोटं घालून तयार होते. समोर पाहतात तर महाराज आसनावर, आणि त्यांच्या पायाशी, अगदी शेजारी, राही! महाराजांनीच तिला गर्दीतून हाक मारून बसवलं होतं.

बुवांचा तोल गेला. कीर्तनाला नारदाच्या गादीवर न चढता ते महाराजांसमोर उभे राहिले.

"महाराज, आज सगळ्या गावासमोर एक विचारतो. या बाईचा अधिकार काय?"

"कसला अधिकार, बुवा?"

"आपल्या शेजारी बसायचा! आम्ही घसे फोडायचे, उष्टी काढायची, भांडणं सोडवायची. आणि ही येते, गप्प बसते, पहिला प्रसाद घेऊन जाते. गप्प काय, माझ्या दारचं उखळसुद्धा बसतं!"

टाळकरी फिदीफिदी हसले. मागून कोणी तरी ओरडलं, "कासारणी, बुवांना बांगड्या भर हातभर!" त्यावर निम्मा मांडव हसला, आणि बुवांना कळेना की हसू तिच्यावर आहे की आपल्यावर. ते आणखी भडकले.

"हिच्या आत काही असेल, तर आज या गादीवर उभी राहू दे आणि बोलू दे! नसेल, तर पुन्हा या मठाची पायरी चढायची नाही. बोला, राहीबाई, कबूल?"

राहीचं तोंड पांढरं पडलं. नवरा दारू पिऊन मारायचा, मूलबाळ नव्हतं. आठवड्यातून एकदा निवांत टेकायला तिला एवढी एकच जागा होती, आणि आज तीच जायची वेळ आली. ती महाराजांकडं पाहून म्हणाली, "बाबा, मला काय येतंय? मला न्हाई जमायचं. इथनं उठवू नका, मी लांब बसंन, दारात बसंन."

महाराज म्हणाले, "राही, जा. उभी राहा."

बाई नारदाच्या गादीवर! जुनी माणसं कुजबुजली. राही कशीबशी चढली. हजार डोळे तिच्यावर. ओठ हलले, शब्द फुटेना. बुवा हात बांधून बाजूला उभे होते, आणि खरं सांगायचं तर त्या महिन्यात एवढा आनंद त्यांना कशानंच झाला नव्हता.

शेवटी ती म्हणाली, "मला कायबी सांगता येत न्हाई. दिवसभर वरडून वरडून घसा सुकतो. इथं आलं की तो गप ऱ्हातो, बरं वाटतं. एवढंच हाय माझ्यापाशी. तुमी समदे आलाव, तर वाईच बसू."

असं म्हणून ती गादीवरच खाली बसली आणि तिनं डोळे मिटले.

लोक हसतील म्हणून बुवा वाट पाहू लागले. कोणी हसलं नाही. आधी पुढच्या बायका बसल्या, मग पुरुष. टाळकऱ्यांनी टाळ मांडीवर ठेवले. कडेवरची पोरं निजली. पाटलांनी डोळे मिटले आणि, आश्चर्य म्हणजे, ते घोरले नाहीत! एवढ्या मोठ्या जमावावर अशी शांतता उतरली, की चिंचेचं पान पडलेलं ऐकू यावं. बुवांच्या शंभर कीर्तनांत असा मांडव कधी भरला नव्हता.

बुवांनी बायकोकडं पाहिलं. द्वारकाकाकूंच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

ते त्यांना सहन झालं नाही. 'पंगतीची घंटा वाजवतो,' त्यांनी मनाशी ठरवलं, 'भुकेपुढं कसली समाधी!' घंटा मठामागच्या कोठाराजवळ होती. बुवा चोरपावलांनी मांडवाबाहेर पडले.

कोठाराच्या वाटेवर मठाचं पेव होतं. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेलं धान्याचं कोठार. तोंड माणूस जेमतेम मावेल एवढं, पोट मात्र मोठं. बंद पेवात विषारी हवा साठते, म्हणून उघडल्यावर ते दिवसभर मोकळं ठेवायचं असतं. माणसं वाढली म्हणून त्या सकाळीच त्याच्या तोंडावरची शिळा काढून वर बाभळीची फांदी टाकली होती. ती टाकायला बुवांनीच सांगितलं होतं. पण हेव्यानं पेटलेल्या माणसाला पायाखालचं दिसत नाही. उपरणं काट्यात अडकलं, बुवांनी ते रागानं ओढलं, आणि फांदीसकट ते खाली कोसळले.

खाली निम्मं पेव जोंधळ्यानं भरलेलं होतं, म्हणून हाडं वाचली. पण श्वास घेतला तो काय! जणू कोणी नाकातोंडात उष्ण कापूस कोंबला. बुवांनी हाक मारायला तोंड उघडलं. नदीपलीकडची गुरं ज्याला माना वर करत, त्या गळ्यातून साधा आवाजही निघेना. जोंधळ्यात कमरेपर्यंत रुतलेले बुवा वरच्या उजेडाच्या टिकलीकडं पाहत मनातल्या मनात म्हणाले, "महाराज!" त्या हाकेत ना ताल होता, ना सूर. आयुष्यात पहिल्यांदा ते कोणाला ऐकवायला म्हणून बोलले नव्हते.

आणि मांडवात, त्या गाढ शांततेत, महाराजांनी डोळे न उघडता खणखणीत आवाजात म्हटलं, "आलो!"

सगळे दचकले. महाराज बैठकीत कधी बोलत नसत. राहीनं डोळे उघडले आणि ती गादीवरून उतरून धावत सुटली. का, ते तिलाही माहीत नव्हतं. पाय नेतील तिकडं ती गेली. पेवाच्या काठावर तुटून राहिलेल्या बाभळीच्या डहाळीला उपरण्याची चिंधी फडफडत होती.

"बुवा पेवात हायेत!" ती ओरडली.

लोक धावले. कोणी दोराला बांधून दिवा खाली सोडला. काठाखाली हातभर जाताच तो विझला. दुसरा सोडला, तोही विझला. पाटील मागं सरले. "उतरेल तो मरेल," ते म्हणाले. टाळकऱ्यांना बुवांची कीर्ती मोठी वाटत होती, पण उतरायला एकही पुढं झाला नाही. द्वारकाकाकू जमिनीवर बसून राहिल्या.

तेवढ्यात महाराज तिथं आले. हातात मठातल्या देवापुढचं निरांजन होतं. त्यांनी ते राहीकडं दिलं. "जातेस?"

राहीनं कासोटा घट्ट केला, कमरेला दोर बांधला. "जाते."

"हे विझायचं नाही."

ती खाली उतरली. ज्योत काठाखाली गेली, हलली, आणि सरळ झाली! वर महाराज पेवाच्या तोंडाशी बसले आणि त्यांनी डोळे मिटले. थोड्या वेळानं वरून ज्योतीच्या ठिपक्याखेरीज काही दिसेना, नुसता आवाज येई. राहीच्या दोन्ही हातांत कोपरापर्यंत बांगड्या होत्या. त्या किणकिणत होत्या, तोवर बाई जिवंत. सारं गाव श्वास रोखून त्या बांगड्या ऐकत होतं. किणकिण थांबली. कोणी तरी हुंदका दिला. "गप!" कोंडिबा सोनार दातओठ खात म्हणाला. इकडं महाराजांचा चेहरा काळानिळा पडत होता, मानेवरच्या शिरा तटतटल्या होत्या, छाती भात्यासारखी वाजत होती. तेव्हा लोकांच्या ध्यानात आलं, की पेवातली विषारी हवा कोण पीत आहे!

खालून काच फुटल्याचा आवाज आला. मग दोराला हिसका बसला.

"ओढा!"

आधी बुवा वर आले, बेशुद्ध, दोरानं बांधलेले. मग पुन्हा दोर टाकून राहीला काढलं. हातात निरांजन होतं, आणि ते जळत होतं. महाराजांना खोकल्याची उबळ आली. ते चिंचेच्या खोडाला टेकून कितीतरी वेळ खोकत राहिले, आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर रंग परतला.

तोंडावर पाणी मारल्यावर बुवा शुद्धीवर आले. रांगत ते महाराजांच्या पायांकडं निघाले. महाराजांनी पाय आखडून घेतले.

"बुवा, मला कशाला? मी वरच बसलो होतो."

बुवांचा आवाज घोगरा झाला होता. ते म्हणाले, "महाराज, खोटं बोलवत नाही. हाक मी तुम्हांला मारली. वर पाहतो तर दिवा घेऊन ही उतरतेय. जीव वाचला याचा आनंद मला नंतर झाला. आधी मनात आलं, हिलाच का पाठवलं? मरतानासुद्धा मी हिच्यावर जळत होतो."

महाराज खळखळून हसले. "हे कीर्तनात सांगितलं असतंत बुवा, तर पाटीलसुद्धा जागे राहिले असते!"

बुवा वळले. राही द्वारकाकाकूंजवळ बसली होती. काकू आपल्या पदरानं तिची मनगटं पुसत होत्या. जोंधळ्यातून जड देह उपसताना बांगड्या फुटून काच मांसात रुतली होती, आणि रक्त कोपरापर्यंत ओघळलं होतं. बुवा ते पाहतच राहिले. मग त्यांनी डोक्यावरचं उरलंसुरलं पागोटं काढून जमिनीवर ठेवलं.

राही घाबरून उठली. "अहो बुवा, काय करायलाव हे! पाप लागंल मला. उठा, लोक उपाशी हायेत, पंगत बसवा."

"बसवतो," बुवा म्हणाले. "आधी हे होऊ दे, माय."

आणि पाटील, सोनार, टाळकरी, सगळ्या गावादेखत त्र्यंबकबुवांनी त्या कासारणीच्या धुळीनं भरलेल्या पायांवर डोकं ठेवलं. ती मागं सरू लागली. बुवांनी दोन्ही हातांनी तिचे पाय घट्ट धरले आणि सोडले नाहीत.