ताठू नाकतोड्याचं हिरवं पातं

डोंगराखाली एक कुरण होतं. कुरण केवढं? एवढंसं. घोडे किती? चार. अबलख, तांबडी, म्हातारा ढग्या आणि बुटका मिठू.

कुरणाच्या मधोमध कुंपण. कुंपणाला एक झापा. झापा म्हणजे काटक्यांचं दार. झाप्याच्या अलीकडे घोडे. पलीकडे गवतच गवत, पण झापा बंद.

अलीकडे एक हिरवं पातं होतं. पात्यावर राहायचा ताठू नाकतोडा. बोटाएवढा जीव, पण ऐट बघा. पाय ताठ, मान ताठ, मिशा ताठ.

एक दिवस मिठू आला. खर्रर्र, पातं तोडलं. करकर करकर, खाऊन टाकलं. ताठू मातीत पडला, टप्प.

रडला का? छे. त्यानं मिशा झटकल्या आणि निघाला. टुण्ण टुण्ण टुण्ण.

ताठू गवताकडे गेला.
"गवता गवता, पातं दे."
"नाही नाही, मी नाही. डोकं वर काढलं की घोडे खातात. आधी घोड्यांना हलव."

टुण्ण टुण्ण टुण्ण. ताठू घोड्यांकडे गेला.
"घोड्यांनो घोड्यांनो, जरा हला.
गवत पातं देईना.
मग मी बसू कुठं?"
"नाही नाही, आम्ही नाही. जायचं कुठून? आधी झाप्याला उघड."

टुण्ण टुण्ण टुण्ण. ताठू झाप्याकडे गेला.
"झाप्या झाप्या, वाट दे.
घोडे जागचे हलेनात.
गवत पातं देईना.
मग मी बसू कुठं?"
"नाही नाही, मी नाही. मला हात कुठे आहेत? आधी मावशीला बोलव."

हौसामावशी घोड्यांची मालकीण. ती ढग्याला खरारा करत होती. खस खस खस. ताठू तिच्या पदरावर बसला.
"मावशी मावशी, झापा उचल.
झापा वाट देईना.
घोडे जागचे हलेनात.
गवत पातं देईना.
मग मी बसू कुठं?"
"न्हाई रं बाबा, मी न्हाई. पल्याडची डोण कोरडी हाय. झरा आटला जणू. माझी घोडी पाणी कुठलं पितील? आधी डोण भरू दे."

डोण म्हणजे पाणी प्यायचं दगडी भांडं. टुण्ण टुण्ण टुण्ण. ताठू कुंपणावरून पलीकडे गेला.
"डोणी डोणी, भरून जा.
मावशी झापा उचलेना.
झापा वाट देईना.
घोडे जागचे हलेनात.
गवत पातं देईना.
मग मी बसू कुठं?"
"नाही नाही, मी नाही. नळीतून थेंब येत नाही. आधी नळीला विचार."

झऱ्यापासून डोणीपर्यंत बांबूची नळी होती.
"नळी नळी, पाणी सोड.
डोण काही भरेना.
मावशी झापा उचलेना.
झापा वाट देईना.
घोडे जागचे हलेनात.
गवत पातं देईना.
मग मी बसू कुठं?"
"नाही नाही, मी नाही. माझ्या पोटात खेकडा झोपलाय. आधी त्याला काढ."

ताठूनं नळीत डोकावलं. आत जाडा खेकडा. घुर्रर्र घुर्रर्र.
"खेकड्या खेकड्या, बाहेर ये.
नळी पाणी सोडेना.
डोण काही भरेना.
मावशी झापा उचलेना.
झापा वाट देईना.
घोडे जागचे हलेनात.
गवत पातं देईना.
मग मी बसू कुठं?"
खेकड्यानं एक डोळा उघडला. "नाही नाही, मी नाही. आणि मला काढणार कोण? तू? एवढासा?"
"हो, मी," ताठू म्हणाला. "एवढासा आहे, म्हणून तर आत मावतो."

ताठू आत शिरला. त्यानं आपल्या ताठ मिशा खेकड्याच्या पोटाला लावल्या. गुदुगुदु गुदुगुदु.
खेकडा हसला. हि हि हि. हसता हसता घसरला. सुर्रर्र. पडला बाहेर चिखलात, चपाक. ताठूनं मागोमाग उडी मारली.

मग काय?
नळीनं पाणी सोडलं, भळभळ.
डोण भरली काठोकाठ.
मावशीनं झापा उचलला, करर्र.
झाप्यानं वाट दिली.
घोडे हलले, टपटप टपटप.

"पाणी कुणी आणलं गं बाई?" मावशीनं विचारलं.
"ताठूनं," सगळे म्हणाले.

मावशीनं झापा लावून घेतला. घोडे पलीकडे.
"गवता गवता, आता तरी पातं दे," ताठू म्हणाला.
"देतो, पण आधी झोपू दे. फार दमलोय."

गवत झोपलं. ताठू दगडावर बसून राखण करत राहिला. दव पडलं. ऊन आलं. पुन्हा दव, पुन्हा ऊन. गवत जागं झालं. वर आलं, अजून वर आलं. मिठूच्या गुडघ्याएवढं झालं. आणि मधोमध एक पातं, सगळ्यांत उंच. टुण्ण, ताठू त्यावर जाऊन बसला.

मावशी आली. "आता पल्याडचं गवत झोपंल, अल्याडचं घोडी खातील. आळीपाळीनं खाल्लं तर बारा म्हयनं पुरंल."

करर्र, झापा उचलला. टपटप टपटप, घोडे आले. मिठू थेट उंच पात्यापाशी गेला. त्यानं तोंड उघडलं.

ताठू पात्यावरून हलला नाही.

"मिठू, थांब," मावशी म्हणाली. "ते पातं ताठोबाचं हाय."

मिठूनं ताठूकडे पाहिलं. मान खाली केली आणि शेजारचं गवत खाल्लं. करकर करकर.

कुरण केवढं? एवढंसं. घोडे किती? चार. सगळ्यांना पुरलं का? पुरलं.

आणि उंच पात्यावर कोण बसलंय?
पाय ताठ, मान ताठ, मिशा ताठ.
आपला ताठू.