ऊबदार शाळेचा ठराव

वारुळाला खिडकी नसते, पण भोकं असतात.

घोरपड हिवाळाभर बिळात पडून राहते. तिला कुणी आळशी म्हणत नाही, कारण शिक्षणखातं तिच्या घरात आहे.

चिखलावर लाखेचा थर दिला की हवेला वाट उरत नाही.

राघी नावाच्या उंदराच्या पोरीला एकोणतिसाचा पाढा येत होता.

तर, डोंगरातल्या एका रानात शाळा जांभळीखाली भरायची आणि थंडीच्या दिवसांत रोज सात मोळ्या सरपण जाळायची. मग नवी शाळा बांधली. तिच्या लाख चढवलेल्या भिंतीला फट नाही, छपराला झरोका नाही, दार एकच आणि तेही आपसूक मिटणारं. सरपण एका मोळीवर आलं. उद्घाटनाला अस्वल महाराज आले आणि घोरपडसाहेब बोलायला उभे राहिले. "ऊब आपली आहे," ते म्हणाले, "आणि आपलं ते आपण बाहेर जाऊ देणार नाही." शेजारच्या रानाने कौतुक म्हणून मोरपिसांचा तुरा पाठवला. तो दारावर लावला, आणि दाराची उरलीसुरली फटही बुजली.

तिसरीचा वर्ग साळूबाईंकडे होता. अंगावर काटे असूनही पोरं ज्यांच्या कुशीत शिरत, अशा त्या साळिंदरबाई. पहिला तास बरा जाई. दुसऱ्या तासाला ओल्या केसांचा वास दाटायचा, डोकी जड व्हायची आणि चाळीस पोरं पाटीवर कलंडायची. बाईंनाही फळा पुसता पुसता आपण काय लिहिलं होतं ते आठवेनासं व्हायचं.

एकदा त्यांनी राघीला उभं केलं. नऊ चोक किती, एवढंच विचारलं. राघीने बराच वेळ मिशा हलवल्या.

"बाई, बाहेर जाऊन सांगू?"

बाईंनी जाऊ दिलं. अंगणात दहा श्वास घेऊन राघीने नवाचाच काय, एकोणतिसाचाही पाढा म्हटला. आत आली आणि पुन्हा विसरली.

बाई त्याच दिवशी घोरपडसाहेबांकडे गेल्या. साहेब खूश होते. वर्गाच्या दाराशी आपण घटकाभर उभे होतो, एकही पोर वळवळलं नाही, इतक्या नोकरीत अशी शिस्त पाहिली नाही, असं ते सांगत राहिले.

"साहेब, ती झोपली होती."

"मग? आमच्यात सभ्य घरची मंडळी हिवाळ्यात झोपतातच."

आठवड्याने परिपत्रक आलं.

एक. वर्गात जांभई देऊ नये, तोंडावाटे ऊब वाया जाते.

दोन. आवश्यक जांभया घरून देऊन याव्यात.

तीन. पेंगणारे विद्यार्थी मंद समजून त्यांना बिळं खणायला पाठवावं.

मंदांच्या यादीत पहिलं नाव राघीचं होतं. तिचा बाप शाळेच्या पायरीशी आला. त्याच्या सात पिढ्यांनी बिळंच खणली होती. साळूबाईंनी त्याला सांगितलं की पोरीच्या डोक्यात काही बिघाड नाही, बिघाड भिंतीत आहे. मुठीएवढी दोन भोकं हवीत, एक खाली, एक वर. साक्षीला त्यांनी वाळवीमिस्त्रींना आणलं. आमच्या वारुळात लाखोजण राहतात, मिस्त्री म्हणाले, भोकं नसती तर त्याला वारूळ नव्हे, थडगं म्हटलं असतं. साहेबांनी हे लिहून घेतलं आणि खाली शेरा मारला: वाळवी लाकूड खाते, सबब सरपणाच्या बाबतीत तिचं मत ग्राह्य नाही.

तरी गवगवा झालाच. महाराज म्हणाले, आपल्याकडे लोकांचं राज्य आहे, लोकांनाच विचारा. राघीचं नाव शाळेत राहणार की नाही, तेही त्यावरच ठरणार होतं.

सभा शाळेतच भरली. ससे, रानडुकरं, माकडं, कोल्हे, सगळे दाटीवाटीने बसले आणि ऊब जाऊ नये म्हणून दार मिटलं. रानाची रीत अशी, की ज्याचा होकार असेल त्याने मान खाली घालायची. घोरपडसाहेबांनी बोलायला सुरुवात केली. ऊब म्हणजे काय, ती कुणी आणली, पूर्वीची थंडी कुणाच्या काळातली, हे सगळं ते सावकाश सांगत गेले; बंद बिळातल्या हवेची त्यांना सवयच होती. दुसरा तास सुरू झाला. पहिल्यांदा रानडुकराची मान खाली गेली, मग सशांची ओळ. साळूबाईंनी आपलाच एक काटा उपटून तळव्यात रुतवला. डोळे उघडे राहिले. वाळवीमिस्त्री कलंडले. राघीचा बाप शेवटपर्यंत बाईंकडे पाहत होता, मग त्याचीही हनुवटी छातीला टेकली. बाईंनी काटा आणखी खोल दाबला. दुखायला हवं होतं.

दार उघडल्याच्या आवाजाने त्यांना जाग आली. घोरपडसाहेबांच्याच बिळातला कारकून वाचत होता: शाळेच्या भिंती आहेत तशाच बंद राहाव्यात, ठराव एकमताने मंजूर.

"माझी मान वर होती," साळूबाई म्हणाल्या.

"बाई, तुमची तर सगळ्यात खाली होती," कारकून म्हणाला. खोटं बोलत नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून राघी बिळं खणायला जाऊ लागली. पुढच्या महिन्यात राजसभेच्या भिंतींनाही लाखेचा थर चढला.

भोकं पाडावीत का, हा प्रश्नही शाळेतल्या त्या सभेत विचारला होता, ठरावाच्या आधीच. तेव्हाही सगळ्या माना खालीच होत्या, पण तो होकार कुणी लिहून घेतला नाही.