सातवी चिठ्ठी

एकदा एका वयोवृद्ध शास्त्रज्ञाकडे दूरच्या यानांसाठी संदेशांचे जाळे आखण्याचे काम आले. त्यांना सारे नाना म्हणत. निरंजन आणि शलाका या दोन शिष्यांपैकी नानांनी शलाकाची योजना निवडली, आणि निरंजनच्या पोटात दुखू लागले. दुखणारच! दोन वर्षे रक्त आटवले त्याने, आणि काल आलेली पोरगी पुढे गेली.

योजना साधी होती. यान ग्रहाआड गेले की संपर्क तुटतो. म्हणून वाटेतल्या प्रत्येक उपग्रहाने संदेश जपून ठेवायचा आणि पुढचा दिसला की त्याला द्यायचा. पुढच्याने ‘मिळाला’ म्हटले, की मगच आपली प्रत पुसायची.

नानांची रीत अशी, की यंत्राआधी माणसांनी चालून पाहायचे. एका सकाळी दहाच्या सुमारास संस्थेच्या हिरवळीवर नानांचे सगळे शिष्य रांगेत उभे राहिले. शलाका टोकाचे यान, तिच्या शेजारी निरंजन पहिला उपग्रह, शेवटी खुर्चीवर नाना, म्हणजे पृथ्वी. दहा चिठ्ठ्या निघाल्या. सातवी हाती येताच निरंजन म्हणाला, "मिळाली." शलाकाने आपल्याजवळची प्रत फाडली. अन् या पठ्ठ्याने चिठ्ठी खिशात घातली!

नऊच पोचल्या. "योजना फसली," कुणीतरी म्हणाले. शलाकाचा चेहरा उतरला. निरंजनला आतून गुदगुल्या झाल्या, खोटे कशाला बोला.

नाना मात्र हलेनात. बारा वाजले, एक वाजला.

"नाना, चिठ्ठी हरवली. जेवायला चला," एक शिष्य म्हणाला.

"हरवली कशी? कुणीतरी ‘मिळाली’ म्हणालंय ना? मी थांबतो."

म्हातारा माणूस उन्हात उपाशी बसलेला, शलाका आपल्याच आराखड्यात चूक शोधतेय. निरंजनला ते बघवेना. दोन वाजता त्याने सर्वांदेखत चिठ्ठी नानांच्या हातावर ठेवली. "माझा जळफळाट झाला होता, नाना. शलाका, तुझं काही चुकलं नाही."

नाना म्हणाले, "अरे, मत्सर कुणाला होत नाही? मलाही झालाय. पण तू ‘मिळाली’ म्हणालास, म्हणून तिने आपली प्रत फाडली. त्या क्षणापासून तिचा शब्द साऱ्या जगात फक्त तुझ्यापाशी होता. एवढा विश्वास वैऱ्याचाही मोडू नये."

निरंजनने मान खाली घातली. "चाचणी माझ्यामुळे फसली, असं लिहा."

नानांनी वही ओढली आणि लिहिले, ‘सातवी चिठ्ठी चार तास उशिरा पोचली. हे जाळे उशीर सोसण्यासाठीच आहे. चाचणी यशस्वी.’

उशिराच्या कारणाचा रकाना त्यांनी कोरा ठेवला, आणि दोघांना घेऊन ते जेवायला गेले.