कडकोबाची परीक्षा

रस्त्यांना डांबर माहीत झालं, त्यानंतरची ही गोष्ट. भेगा बुजवणारे दोन मसाले, कडकोबा आणि मऊबाई, प्रयोगशाळेत परीक्षेला आले. जो टिकेल, तोच घाटरस्त्यावर जाणार होता.

आधी सुई टोचली. मऊबाईत ती रुतली. कडकोबाला ओरखडाही उठला नाही.

“बाई, तुम्ही लोण्याच्या माहेरच्या का?” कडकोबाने मिशीत हसून विचारलं.

थंडीत भेग रुंदावते, म्हणून मग दोघांना सिमेंटच्या दोन-दोन ठोकळ्यांच्या फटीत भरून गारठवलं आणि ठोकळे हळूहळू एकमेकांपासून दूर ओढले. मऊबाई कण्हत ताणली गेली, पण चिकटून राहिली. कडकोबा ताठ राहिला आणि काडकन दुभंगला.

“फार लागलं का हो?” मऊबाईने कळवळून विचारलं.

कडकोबाला स्वतःचंच हसू आलं. “लागलं थोडं, शोभाच जास्त झाली! भेगा बुजवायला निघालो होतो. आता बाई, तुम्हीच जरा माझ्या भेगेत सरकता का?”