वासरांचं टेकाड

समोरच्या टेकाडावर गवत कमरेइतकं वाढलंय, तरी आमच्या खरपवाडीतलं एकही जनावर तिथं कुणी सोडत नाही. विळाही लावत नाहीत. त्या गवताखाली वासरं पुरलेली आहेत, असं सांगतात.

फार मागं इथं सटवाजी नावाचा पाटील होता, म्हणे. त्याला पांढऱ्याशुभ्र गुरांचा नाद. त्याच्या वळूच्या अंगावर तिळाएवढा डाग नव्हता. लांबलांबचे लोक बघायला येत. सटवाजीनं हुकूम काढला, गावात वळू हा एकच. बाकीचे खोंड त्यानं खच्ची करवले. कबऱ्या, तांबड्या गायी गावाबाहेर घालवल्या.

त्याच्या मयत भावाची बायको गोजरा. तिच्या गायी कबऱ्या, खोंडही कबरा. तिनं विचारलं, "भावजी, सोयरीक आपण लांबची बघतो. एकच वळू ठेवला तर उद्या याच्या कालवडी त्यांच्याच बापाकडं न्यायच्या का?"

"तुमचा खोंड इथं राहायचा नाही," सटवाजी म्हणाला. "तुम्हाला जड वाटत असेल तर त्याच्यामागं तुम्हीही जा."

गोजरा गुरं घेऊन ओढ्यापलीकडच्या डोंगरावर राहायला गेली.

गावात वळूमागून त्याचाच गोऱ्हा वळू झाला, मग त्याचा. गुरं दिसायला एकासारखी एक. एका साली आंधळं वासरू जन्मलं. पुढच्या साली चार. काहींना उभंच राहता येईना. बोभाटा होऊ नये म्हणून सटवाजी ती गुपचूप टेकाडावर नेऊन पुरायचा. काहींची धुगधुगी चालू असायची, म्हणे.

मग बुळकांडी आली. गुरांची तोंडं सडली, रक्ताची हगवण लागली. अठरा दिवसांत दावण न् दावण रिकामी झाली. पांढऱ्यांतलं एकही तगलं नाही. रोग डोंगरावरही चढला. गोजराच्या एकवीस गुरांतली बारा मेली, पण नऊ उठून उभी राहिली.

सटवाजी तिच्याकडं गेला. "वहिनी, दुधावाचून पोरं चालली आहेत. नांगराला बैल नाही."

ती म्हणाली, "डोंगरावरून मला दिसायचं. टेकाडावर काय पुरलंत, ते आधी गावाला सांगा. मग गुरं खाली आणते."

त्यानं चावडीपुढं उभं राहून सगळं सांगितलं. कुणी त्याला शिवी दिली नाही. त्या दिवसापासून तो मरेपर्यंत कुणी त्याच्याशी बोललंच नाही, असं सांगतात. गोजरा गुरं घेऊन आली, आणि तिनं गावाकडून शब्द घेतला: एक वळू तीन पावसाळ्यांच्या वर ठेवायचा नाही, आणि कातडीचा रंग बघून वासरू टाकायचं नाही.

आजही तीन वर्षं झाली की आमचा वळू दुसऱ्या गावाला जातो, तिथला आमच्याकडं येतो. ज्यानं वाढवला, त्यानंच दोर दुसऱ्याच्या हातात द्यायचा. यंदा माझी पाळी होती. मी वाढवलेल्या हौशाचा दोर मी दुसऱ्या गावच्या माणसाच्या हातात दिला. तो माणूस नेत असताना हौशा ओढ्यापर्यंत मागं वळून वळून हंबरत होता. मी जागचा हललो नाही.